सात दुकानं, एक पिकअप: लहान सुपरमार्केटांनी एकत्र खरेदी कशी उभी करावी

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास पुण्याच्या मार्केट यार्डातून निघालेली पिकअप आधी बिबवेवाडीत थांबते. मग सहकारनगर, पद्मावती, बालाजीनगर, धनकवडी करत चारपर्यंत कात्रजला रिकामी होते. वाटेतल्या सात दुकानांत साखर, हरभरा डाळ, पोहे, शेंगदाणे उतरतात. सातही दुकानांचे मालक वेगळे, पाट्या वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळं. त्यातलं धनकवडीतलं साडेसहाशे चौरस फुटांचं दुकान माझं.

एकत्र यावंसं का वाटलं, हे ज्याचं लहान सुपरमार्केट आहे त्याला समजवायची गरज नाही. एका बाजूला डीमार्ट, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप्स, आणि मधे आपण, चार पोती साखर घेणारे. घाऊक व्यापारी चार पोत्यांना जो भाव देतो त्यात त्याचा दोष नाही. चार पोत्यांचा भाव तोच असतो. हा लेख पाच ते दहा दुकानदारांनी मिळून चाळीस पोत्यांचं गिऱ्हाईक कसं व्हायचं याबद्दल आहे. भाव कमी करून घेणं हा यातला सोपा भाग. माल वाटून घेणं आणि पैसे वेळेवर गोळा होणं, यावर गट टिकतो किंवा मोडतो. म्हणून लेखातली जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

कल्पना जुनी आहे. १८९८ मध्ये बर्लिनमधल्या दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. साखर, कॉफी, तांदूळ, मसाले विकणारी ती माणसं, आपल्या किराणावाल्यांसारखीच. संस्थेच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एडेका’ हे नाव पडलं. आज ती जर्मनीतली सर्वांत मोठी सुपरमार्केट साखळी आहे आणि तिची बहुतेक दुकानं अजूनही स्वतंत्र मालक चालवतात. नेदरलँड्समध्ये १९३२ साली सुरू झालेल्या ‘स्पार’ची गोष्ट वेगळी: तिथे पुढाकार एका घाऊक व्यापाऱ्याने घेतला आणि दुकानदारांना जोडून घेतलं. पुण्यातही दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. भुसार बाजारातला एखादा व्यापारी तुम्हाला म्हणेल, ‘तुम्ही फक्त दुकानं जमवा, बाकी माझ्यावर सोडा.’ माझा सल्ला असा की सुरुवात दुकानदारांनी आपल्या हातात ठेवावी. व्यापारी बदलता आला पाहिजे, आणि गट त्याचाच असेल तर तो बदलता येत नाही.

पहिली पायरी: कोणाला बरोबर घ्यायचं

एकाच गल्लीतली दोन दुकानं गटात घेऊ नका. त्यांचं गिऱ्हाईक एक असतं, आणि बिलं एकमेकांसमोर उघडायची वेळ आली की दोघंही हात आखडता घेतात. दुकानं एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरवर असावीत, पण एकाच गाडीच्या वाटेवर. कोथरूड आणि हडपसर एका गटात घातले तर वाचलेले पैसे डिझेलमध्ये जातात. आमची वाट गंगाधाम चौकातून निघून सातारा रस्त्याला लागते, म्हणून दुकानंही त्याच पट्ट्यातली. कर्वेनगर-वारजे-शिवणे असा गट होऊ शकेल किंवा विश्रांतवाडी-धानोरी-लोहगाव असा. आधी गाडीची वाट ठरवा, मग माणसं शोधा.

संख्या पाच ते दहा. चारात एक गळला की गाडी भरत नाही, आणि दहाच्या वर गेल्यावर एका फोनवर काम होत नाही.

दुकानाच्या आकारापेक्षा मालकाची देण्याची सवय महत्त्वाची. पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा: ‘बाजारात आज तुमची उधारी किती आणि किती दिवसांची?’ जो आकडा सांगतो त्याला घ्या, आकडा मोठा असला तरी चालेल. जो ‘होतं थोडंफार’ म्हणतो त्याला थोडं थांबवा. आम्ही हा प्रश्न एकाला विचारायचा संकोच केला होता. मोठं दुकान, वयाने मोठा माणूस. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या वाटणीचे पैसे दोघांना भरावे लागले आणि नंतर ते काकाही अवघडले, आम्हीही.

दुसरी पायरी: बिलं उघडा आणि पडतळ काढा

दुकानं ठरली की प्रत्येकाने तीन महिन्यांची खरेदीची बिलं घेऊन बसायचं. सगळा माल नको, जास्त खपणारे पंधरा जिन्नस पुरेत. एका वहीत आडव्या ओळीत जिन्नस आणि उभ्या ओळीत दुकानं. नुसता भाव लिहू नका, पडतळ लिहा: भाव, हमाली, गाडीभाडं, पोत्यातली घट आणि उधारीचे दिवस धरून माल आपल्या दुकानात कितीला पडला तो आकडा.

आकडे उदाहरणापुरते घेऊ. समजा एक जण रोखीने ४१ रुपये २० पैशांनी साखर आणतो, पण चार पोती म्हणजे २०० किलोसाठी गाडीला ४०० रुपये आणि हमालीला ४० रुपये देतो. त्याची पडतळ ४३ रुपये ४० पैसे झाली. दुसरा ४२ रुपये ६० पैशांनी घेतो, पण माल दुकानात पोचून मिळतो आणि २१ दिवसांची उधारी आहे. महाग भाववाल्याची साखर स्वस्त पडली. आता सात दुकानांनी मिळून तीस पोती घेतली, भाव ४१ रुपये मिळाला, दीड टनाला १,५०० रुपये भाडं आणि किलोमागे २० पैसे हमाली बसली, तर पडतळ ४२ रुपये २० पैसे. पहिल्याचा किलोमागे १ रुपया २० पैसे फायदा आहे. दुसऱ्याला दिसतात ४० पैसे. त्याने सोडलेल्या २१ दिवसांच्या उधारीवर महिना दीड टक्का धरला तर साधारण ४५ पैसे तिकडे गेले. म्हणजे साखरेत त्याला काहीच मिळालं नाही.

हे गणित सगळ्यांसमोर मांडाच. ज्याला ज्या जिन्नसात फायदा नाही त्याला त्यात ओढू नका. साखरेत कोणाचं फार काही सुटत नाही. खरा फरक डाळी, शेंगदाणे, सुकं खोबरं, काजू-बेदाणा आणि सणाच्या मालात पडतो, कारण तिथे प्रत आणि भाव दोन्हींत फट मोठी असते.

हमालीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिथे घासाघीस करू नका. यार्डातल्या हमाल-तोलणारांच्या मागे १९६९ च्या माथाडी कायद्याचा आणि बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीचा मोठा लढा आहे. दर ठरलेले असतात, ते द्यावेत. आपली बचत व्यापाऱ्याच्या भावातून आणि भरलेल्या गाडीतून यायला हवी.

तिसरी पायरी: चार जिन्नसांपासून सुरुवात

नामांकित कंपन्यांचे साबण-बिस्किटं आधी धरू नका. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला भाग वाटून दिलेला असतो. बिबवेवाडीचा डिस्ट्रिब्युटर कात्रजला माल टाकत नाही, आणि स्कीम दुकानागणिक लागते. तिथे गटाचा जोर लागतो तो नंतर, आणि तोही एक्सपायरीचा, डॅमेजचा माल परत घेण्यासारख्या गोष्टींत.

सुरुवात सुट्या मालाने करा. आम्ही साखर, हरभरा डाळ, जाडे पोहे आणि शेंगदाणे घेतले. साखर फायद्यासाठी घेतली नव्हती, सरावासाठी घेतली होती. एस-३० (साखरेच्या दाण्याची ठरलेली प्रत) म्हणजे एस-३०, तिच्यावरून वाद होत नाही, खराब होत नाही, आणि गाडी भरायला वजन मिळतं. पहिले दोन महिने मागणी, पैसे आणि उतराई यांची घडी तिच्यावर बसली.

डाळ-शेंगदाण्यात मात्र नमुन्याशिवाय पाऊल टाकू नका. ज्या दिवशी सौदा ठरेल त्या दिवशी त्याच मालाच्या पाव-पाव किलोच्या तीन पुड्या बांधा, वर तारीख आणि भाव लिहा. एक व्यापाऱ्याकडे, एक मागणी गोळा करणाऱ्याकडे, एक आणखी कुठल्या तरी दुकानात. माल आला की पांढऱ्या ताटलीत पुडीतली मूठभर डाळ आणि पोत्यातली मूठभर डाळ शेजारी शेजारी ओता. तुकडा जास्त आहे का, रंग उतरला आहे का, हे कोणालाही दिसतं. नुसतं ‘मागच्यासारखा माल नाही’ म्हटलं की व्यापारी ऐकत नाही. ताटलीचा फोटो पाठवला की बहुतेक वेळा ऐकतो.

चौथी पायरी: भाव एकत्र, बिल वेगळं

ही पायरी चुकली तर पुढे करात अडकायला होतं.

सगळ्यांचा माल एकाने आपल्या नावावर घ्यायचा आणि बाकीच्यांना वाटायचा, हा मोह पहिल्यांदा सगळ्यांनाच होतो. तसं केलं की ती सगळी उलाढाल त्या एकाच्या जीएसटी क्रमांकावर चढते. तो कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची सोय) असेल तर दीड कोटींची मर्यादा झपाट्याने जवळ येते, आणि मोकळ्या धान्याची करमुक्त विक्रीसुद्धा त्या मर्यादेत मोजली जाते. शिवाय इतरांना दिलेल्या करपात्र मालावर त्याला कर भरावा लागतो. नियमित नोंदणीवाला असेल तर प्रत्येकाला बिल करण्याचं काम वाढतं.

म्हणून पहिलं वर्षभर पद्धत अशी: भाव गटाने ठरवायचा, पण व्यापाऱ्याने सात दुकानांची सात बिलं करायची आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातून थेट व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे. मधल्या कोणाच्या बचत खात्यात पैसे गोळा करू नका. रोखही टाळा. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात धरला जात नाही. करपात्र मालाचं बिल एक लाखाच्या वर जात असेल तर ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी काढायचा ऑनलाइन दाखला) लागतं, ते व्यापाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा.

भाव करायला दोघांनी जावं, एकाने कधीच नाही. संशय एकट्या माणसाभोवतीच फिरतो. रोखीचा भाव, सात दिवसांचा भाव आणि पंधरा दिवसांचा भाव वेगवेगळे लिहून घ्या. किमान तीन पेढ्यांकडून घ्या, आणि ज्याच्याकडे सौदा केला नाही त्यालाही फोन करून तसं कळवा. पुढच्या आठवड्यात त्याच्याच दारात जायचं असतं.

पाचवी पायरी: आठवड्याचं चक्र

शनिवारी रात्री दहाला मागणीची वही बंद. रविवारी बेरीज. सोमवारी सकाळी भाव आणि सौदा, दुपारपर्यंत प्रत्येकाचे पैसे व्यापाऱ्याच्या खात्यात. मंगळवारी गाडी. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून उतराई तेव्हाच ठेवली.

मागणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत लिहू नका. ‘माझी दोन वाढव’ हा निरोप शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो. मोबाईलवर सगळ्यांना दिसणारा एक तक्ता करा, प्रत्येकाने आपल्याच ओळीत आकडा भरायचा. बेरीज करणारा माणूस दर तीन महिन्यांनी बदला, आणि त्या कामाचे पैसे द्या. आम्ही पोत्यामागे पाच रुपये ठेवले आहेत. फुकट केलेलं काम चौथ्या महिन्यात बंद पडतं.

सहावी पायरी: उतराई

गाडी थांबली की आधी मोजायचं, मग आत घ्यायचं. आमच्या एका दुकानात शंभर किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे, दरवर्षी वैधमापन म्हणजे सरकारी वजन-माप खात्याचा शिक्का करून घेतलेला. गाडी पहिल्यांदा तिथे थांबते. प्रत्येक जिन्नसाचं एक पोतं, हमालाला न विचारता, मधल्या थरातून काढायचं. वरच्या थरातलं नको. शिलाई बघायची. कारखान्याची शिलाई एकसारखी, एकाच दोऱ्याची असते. पुन्हा शिवलेल्या तोंडाला जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. मग वजन.

एका मंगळवारी शेंगदाण्याचं ५० किलोचं पोतं ४९ किलो ३०० ग्रॅम भरलं. दुसरं काढलं, तेही तसंच. सातशे ग्रॅम म्हणजे काही फार नाही, असं गाडीवाल्यालाही वाटलं. पण वीस पोत्यांचे ते चौदा किलो होते. काट्यावरच्या आकड्याचा फोटो तिथूनच पेढीवर पाठवला आणि तो फरक पुढच्या बिलात वळता झाला. एकट्या दुकानदाराने चार पोत्यांसाठी हे केलं नसतं, मीही कधी केलं नव्हतं.

फुटलेलं, भिजलेलं पोतं कोणाचं? हे आधी ठरवा. आमच्याकडे गाडीतलं नुकसान सगळ्यांचं, मागणीच्या प्रमाणात. दुकानाच्या पायरीवर उतरल्यावरचं त्या दुकानाचं.

सातवी पायरी: भाव पडला तर

दुसऱ्या वर्षी श्रावणाआधी आम्ही साबुदाणा मोठ्या प्रमाणात घ्यायचं ठरवलं. सेलमकडचा माल, नमुना सुंदर, भाव चढता. सगळ्यांनी तक्त्यात आकडे भरले, सोमवारी सौदा झाला. पैसे तेव्हा माल आल्यावर द्यायचो. गाडी यायला चार दिवस लागले आणि तेवढ्यात भाव उतरला. दोन दुकानांनी सांगितलं, ‘आम्हाला आता नको, बाजारात कमीने मिळतोय.’ व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता. उरलेल्या पाचांनी तो माल वाटून घेतला, आणि दिवाळी आली तरी माझ्या माळ्यावर तीन पोती होती. त्या रात्री गट मोडायला आला होता. सौदा करायला गेलेला मीच होतो, आणि नियम आधी लिहिला नव्हता ही चूकही माझीच होती.

तेव्हापासूनचा नियम एका ओळीचा आहे: वही बंद झाल्यावर तक्त्यातला आकडा ज्याचा त्याचा, भाव चढो वा उतरो. पाठीशी प्रत्येकाची १०,००० रुपये अनामत, दोन सभासदांच्या संयुक्त खात्यात, दोघांच्या सहीशिवाय न निघणारी. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्याचा उतारा सगळ्यांना. कोणी माल नाकारला तर तो बाजारभावाने विकायचा आणि तूट त्याच्या अनामतीतून वळती. दुसऱ्यांदा तसं झालं तर गटाबाहेर. हे नुसत्या तोंडी शब्दांवर ठेवू नका, कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. सही करताना वाईट वाटतं, नंतर वाटत नाही.

आठवी पायरी: विक्रीचा भाव एकत्र ठरवू नका

खरेदी एकत्र करणारे दुकानदार चहावर बसले की कोणीतरी म्हणतंच, ‘आपण सगळ्यांनी डाळ अमुक भावाखाली विकायची नाही.’ तिथेच थांबवा. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ प्रमाणे, एकाच धंद्यातल्यांनी मिळून विक्रीचा भाव ठरवणं किंवा गिऱ्हाईक-भाग वाटून घेणं हा स्पर्धेला मारक करार मानला जातो, आणि भारतीय स्पर्धा आयोग त्यावर दंड करू शकतो. व्यापारी संघटनांवर अशा कारवाया झालेल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी गिऱ्हाईकाच्या खिशाविरुद्ध गट करणं मला पटत नाही. आमच्या लेखी नियमांतली दुसरी ओळच ही आहे: विक्रीचा भाव ज्याचा त्याने ठरवायचा आणि त्यावर बैठकीत बोलायचं नाही.

पॅकिंग स्वतःचं करायचं असेल तर

वर्षभर चक्र नीट चाललं की डाळ-पोह्यांची एक-एक किलोची पाकिटं स्वतः करावीशी वाटतात. मार्जिन तिथे खरंच सुटतं, पण घाई नको. पॅकिंगच्या जागेसाठी एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) वेगळा परवाना लागतो, तुमच्या दुकानाचा तिथे चालत नाही. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, एककाचा दर आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते.

आणि एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून गिऱ्हाईकासमोर तोलून दिलेली तीच डाळ करमुक्त. म्हणजे ५० किलोचं पोतं फोडून लेबलची पाकिटं केलीत की कर लागला. तो धरून, पिशवी, मजुरी आणि घट धरून पडतळ काढा. आमच्या गणितात हरभरा डाळीला परवडत नव्हतं, भाजक्या शेंगदाण्यांना आणि दिवाळीच्या भाजणीला परवडलं.

बचत गटांचे पापड-मसाले घेणार असाल तर पैशाची तारीख पाळा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. सात दुकानांची मागणी एकदम गेली की त्या बायकांचं भांडवल आपल्याकडे अडकतं, एवढं लक्षात ठेवावं.

दुकानादुकानांत अडीनडीला माल फिरतोच: माझ्याकडे तेलाचे डबे संपले, बालाजीनगरहून चार आले. तेही बिलावरच करा.

नोंदणी कधी आणि कोणती

स्वतःचं गोदाम, पॅकिंग किंवा एकाच नावाने खरेदी सुरू करायची वेळ आली की नोंदणी लागते, त्याआधी नाही. सहकारी संस्था काढायला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण हवेत. भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत, ही तिची मला सर्वांत आवडणारी बाजू: मोठं दुकान लहानाला दाबू शकत नाही. त्याबदल्यात लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, निवडणूक हे सगळं नेमाने करावं लागतं. सात-आठ जणांना एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) सोयीची, दोघांतही होते आणि जबाबदारी आपल्या भांडवलापुरती राहते. साधी भागीदारी करू नका. एकाच्या चुकीचं देणं सगळ्यांच्या घरावर येऊ शकतं. आम्ही अजून नोंदणी केलेली नाही. तीन दुकानं वाढली की सहकारी संस्थेचा प्रस्ताव द्यायचा, असं ठरलं आहे.

बाहेर पडण्याचा नियम

आत येण्याचे नियम सगळे करतात, बाहेर पडण्याचा कोणी करत नाही. आमचा असा आहे: एक महिना आधी सांगायचं, चालू सौद्यातला आपला माल उचलायचा, आणि शेवटच्या हिशेबानंतर तीस दिवसांत अनामत परत. गेल्या वर्षी पद्मावतीच्या काकांनी वयामुळे दुकान विकायचं ठरवलं. शेवटच्या मंगळवारी त्यांची सहा पोती उतरली, त्यांनी नेहमीप्रमाणे मधल्या थरातलं एक काट्यावर ठेवायला लावलं. अनामत त्यांच्या खात्यात बाविसाव्या दिवशी गेली. नव्या मालकाने दुकानाची किल्ली घेतली त्याच आठवड्यात काकांनी त्याला मागणीच्या तक्त्यातली आपली ओळ दाखवली, आणि त्याच्या बाजारातल्या उधारीचा आकडाही त्यांनीच आमच्यासाठी आधी विचारून ठेवला होता.